दोन पोती मोहरी : लोणच्याच्या एका तक्रारीतून संरक्षक रसायनांच्या आनुवंशिकतेकडे

कोल्हापूर शहरालगत करवीर तालुक्यातील महिलांचा एक बचत गट हिरव्या मिरचीचे लोणचे करून विकतो. या लोणच्यात तेल बेताचे आणि मोहरी सढळ असते. मोहरी उन्हात तापवून भरडायची, सुपाने पाखडून टरफल काढायचे, उरलेली डाळ बारीक करून थंड पाण्यात फेसायची आणि ती चांगली चढली की मगच मीठ, हळद, लिंबाचा रस आणि चिरलेली मिरची घालायची, असा गटाचा ठरलेला क्रम आहे. मिरचीच्या जाळासाठी कोल्हापुरात कोणी पदरचे पैसे मोडत नाही. या लोणच्याला गिऱ्हाईक आहे ते मोहरीच्या नाकात शिरणाऱ्या झणक्यामुळे. दिवाळीच्या सुमारास गटाने मोहरीचे नवे पोते बाजारातून आणले, आणि त्यातून घातलेल्या लोणच्याच्या बरण्या परत येऊ लागल्या.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो हे गटातील एका बाईंना त्यांच्या मुलीकडून ठाऊक होते, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आले. त्यांनी मांडलेली तक्रार अशी होती : “सर, ही मोहरी नाकात जातच न्हाई बघा. कितीबी फेसा, नुसती कडू लागतीया.” या वाक्यात दोन वेगळी निरीक्षणे आहेत आणि पुढचा सगळा तपास त्यांच्या वेगळेपणावर उभा आहे. मोहरी ‘कमी’ पडली असती तर झणका कमी आणि कडवटपणाही कमी, असे व्हायला हवे होते. येथे एक गुण गेला होता आणि दुसरा वाढला होता. सुदैवाने जुन्या पोत्यातील पाच-सहा किलो मोहरी शिल्लक होती, त्यामुळे दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले. जुन्याला पुढे पहिले पोते आणि नव्याला दुसरे पोते म्हणतो.

दाणा अख्खा असताना मोहरीला वास नसतो, आणि या साध्या अनुभवातच तिच्या संरक्षणाची रचना दडलेली आहे. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, अळीव या सगळ्या मोहरीवर्गीय वनस्पती ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे पेशींत साठवतात. ही संयुगे स्वतः तिखट नसतात. त्यांना फोडणारे मायरोसिनेज हे विकर वेगळ्या पेशींत ठेवलेले असते. अळीने पान कुरतडले किंवा आपण दाणा भरडला की पेशींच्या भिंती मोडतात, पाण्याच्या साक्षीने विकर आणि संयुग एकत्र येतात, ग्लुकोजचा रेणू सुटा होतो आणि उरलेला अस्थिर भाग पुढे वेगवेगळ्या रूपांत स्थिरावतो. त्यांतले आपल्या ओळखीचे रूप म्हणजे आयसोथायोसायनेट, म्हणजेच मोहरीचा झणका. मात्र तोच अस्थिर भाग परिस्थितीनुसार नायट्राइलमध्येही बदलू शकतो, आणि नायट्राइलला झणका नसतो. शास्त्रीय लेखनात या व्यवस्थेला मोहरी-तेलाचा बाँब म्हणतात. नाव भडक असले तरी दोन घटक वेगळे ठेवून ऐन वेळी एकत्र आणण्याची युक्ती त्यात नेमकी सांगितली गेली आहे.

झणका न चढण्याची पहिली शंका साहजिकच कृतीवर जाते. मायरोसिनेज हे प्रथिन असल्याने उष्णतेने मरते. डाळ भाजली, किंवा तिच्यावर उकळते पाणी अथवा कडकडीत तेल ओतले, तर ग्लुकोसिनोलेट शाबूत राहूनही झणका येत नाही. लिंबाचा रस आधी घातला तरी बिघडते. क जीवनसत्त्व अल्प प्रमाणात या विकराला चेतवते हे खरे, पण लिंबाची आम्लता विकराचा वेग मंदावते आणि तयार होणाऱ्या संयुगांचा कल नायट्राइलकडे झुकवते. उलट झणका चढल्यानंतर घातलेली आंबट गोष्ट त्याला टिकवते, कारण आयसोथायोसायनेट आम्लात सावकाश विघटित होते. म्हणजे ‘आधी फेसा, मग लिंबू पिळा’ हा गटाचा क्रम रसायनाच्या दृष्टीने बिनचूक होता. लोखंडी खलबत्त्याबद्दलही मी विचारले, कारण फेरस लोहाच्या सान्निध्यात नायट्राइलचे प्रमाण वाढते. पण दोन्ही पोत्यांची मोहरी त्याच मिक्सरवर, त्याच हातांनी, त्याच पाण्याने केली होती. कृतीत फरक नव्हता, तेव्हा फरक दाण्यात होता.

दाण्यातल्या फरकाच्या तीन शक्यता समोर होत्या. दुसऱ्या पोत्यातील विकर कुठे तरी, कदाचित साठवणीत किंवा वाळवणीत, उष्णतेने मेले असेल. किंवा विकर जिवंत असून ग्लुकोसिनोलेटच अत्यल्प असेल. अशा जाती आता आपल्याकडेही आहेत आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा डबल झिरो मोहरी ३१ ही त्यांपैकीच. किंवा विकरही आहे, ग्लुकोसिनोलेटही भरपूर आहे, पण ते निराळ्या प्रकारचे आहे. या तिन्हींचा निवाडा महागड्या यंत्राशिवाय बऱ्यापैकी करता येतो, आणि तो गटाच्याच ओट्यावर केला गेला.

पहिल्या पोत्यातील डाळीची पूड उकळत्या पाण्यात टाकून काही मिनिटे उकळली आणि पूर्ण गार केली. तिला वास उरला नाही, कारण विकर मेले होते. ग्लुकोसिनोलेट मात्र अशा थोड्या वेळच्या उकळीत बहुतांशी टिकते आणि पाण्यात उतरते. या गार पाण्यात दुसऱ्या पोत्यातील कच्च्या पुडीची चिमूट टाकून वाटीवर झाकणी ठेवली. दुसऱ्या वाटीत साधे पाणी आणि तीच चिमूट, तिसरीत नुसते उकळून गार केलेले मोहरीचे पाणी. सुनेने वाट्यांची जागा बदलली आणि गटातील सर्वांत वयस्कर काकींनी डोळे मिटून एकेक झाकणी उचलली. पहिल्या दोन वाट्यांवर त्या काही बोलल्या नाहीत. तिसरी झाकणी उचलताच त्यांनी मान मागे घेतली, पदर नाकाला लावला आणि डोळ्यांत पाणी आले. ती वाटी मिश्रणाची होती. म्हणजे दुसऱ्या पोत्यातील विकर जिवंत होते आणि पहिल्या पोत्यातले ग्लुकोसिनोलेट फोडण्याइतके समर्थही होते. पहिली शक्यता येथे निकालात निघाली.

दुसऱ्या शक्यतेसाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, लघवीतील साखर तपासण्याच्या पट्ट्या वापरल्या. यात चमत्कारिक काही नाही. प्रत्येक ग्लुकोसिनोलेट फुटताना ग्लुकोजचा एक रेणू सोडते, म्हणून सुटलेले ग्लुकोज मोजले की ग्लुकोसिनोलेटचा एकूण अंदाज येतो. तेलबियांच्या पैदाशीत कमी ग्लुकोसिनोलेटची झाडे चाळण्यासाठी अशीच पट्टी एके काळी सर्रास वापरली जात असे. दाण्यात आधीच असलेल्या साखरेमुळे फसगत होऊ नये म्हणून प्रत्येक पोत्याचा एक नमुना आधी उकळून विकर मारलेला, आणि एक तसाच फेसलेला, असे जोड घेतले. उकळलेल्या नमुन्यांत पट्टीचा रंग जवळजवळ बदलला नाही. फेसलेल्या दोन्ही नमुन्यांत तो गडद झाला, आणि दोहोंतला फरक डोळ्यांना सांगता येण्याजोगा नव्हता. पट्टी ढोबळ आहे. ती एकूण किती ते सांगते, कोणते ते सांगत नाही. पण येथे तेवढेच हवे होते. दुसऱ्या पोत्यात संरक्षक रसायन कमी नव्हते.

उरली तिसरी शक्यता, आणि कडवटपणाही तिच्याच बाजूने साक्ष देत होता. मोहरीच्या झणक्याला मुख्यतः जबाबदार असलेले ॲलिल आयसोथायोसायनेट हे लहान आणि बाष्पशील रेणू आहे. ते तोंडातून घशामागे जाऊन नाकात चढते आणि तेथील चेतातंतूंवरील टीआरपीए१ या ग्राहकाला डिवचते. मिरचीतील कॅप्सायसिन टीआरपीव्ही१ या वेगळ्या ग्राहकावर काम करते, म्हणूनच या लोणच्यात दोन प्रकारचे तिखट एकमेकांत न मिसळता जाणवते. ॲलिल आयसोथायोसायनेट ज्यापासून होते त्या ग्लुकोसिनोलेटला सिनिग्रिन म्हणतात. मोहरीच्या नात्यातील दुसऱ्या काही तेलबियांत सिनिग्रिनऐवजी प्रोगोइट्रिन हे ग्लुकोसिनोलेट भरलेले असते. तेही त्याच विकराने फुटते, ग्लुकोजही तितकेच सोडते, पण त्यापासून होणाऱ्या आयसोथायोसायनेटच्या साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट असल्याने तो रेणू लगेच स्वतःभोवती वळून कडे तयार करतो. हे कडे म्हणजे गोइट्रिन. ते बाष्पशील नाही, त्यामुळे नाकात चढत नाही. जिभेवर राहते आणि कडू लागते. एवढा एक गट काकींच्या डोळ्यांत पाणी आणायचे की त्यांना तोंड वाकडे करायला लावायचे हे ठरवतो.

हा गट रेणूवर बसतो की नाही, हे कोण ठरवते? येथून प्रकरण आनुवंशिकतेत शिरते, आणि माझ्या मते त्यातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे.

आजवर निसर्गात शंभराहून अधिक ग्लुकोसिनोलेटांची नोंद झाली आहे. मोहरीवर्गातील प्रयोगशाळेची लाडकी वनस्पती अरॅबिडॉप्सिस थॅलियाना हिच्या एका जातीतच निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांत मिळून सुमारे चाळीस प्रकार सापडतात. चाळीस प्रकारांसाठी चाळीस स्वतंत्र कारखाने नसतात. मार्ग एकच असतो आणि त्यावर काही मोजके फाटे असतात. मिथिओनिन या अमिनो आम्लापासून सुरुवात होते. पहिल्या टप्प्यात त्याची कार्बन-साखळी एकेका कार्बनने वाढवली जाते. दुसऱ्या टप्प्यात ग्लुकोसिनोलेटचा गाभा, म्हणजे गंधक, नायट्रोजन आणि ग्लुकोज असलेला भाग, बांधला जातो. तिसऱ्या टप्प्यात साखळीच्या टोकावर फेरफार होतात. मधला टप्पा सर्वत्र जवळपास सारखा. वैविध्य येते ते पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यांतून.

पहिल्या टप्प्याची सूत्रे अरॅबिडॉप्सिसच्या पाचव्या गुणसूत्रावरील एमएएम या जनुकस्थानाकडे आहेत. तेथे शेजारी-शेजारी बसलेली, एकाच मूळ जनुकाच्या दुपटीतून आलेली भावंड-जनुके आहेत. ठिकठिकाणच्या झाडांत त्यांतले कोणते शाबूत, कोणते गळालेले, याचे मिश्रण वेगळे असते. एमएएम२ काम करत असेल तर वाढ एका फेरीवर थांबून तीन कार्बनची साखळी मिळते. एमएएम१ असेल तर दोन फेऱ्या होऊन चार कार्बनची. तिसऱ्या टप्प्याचे मुख्य स्थान चौथ्या गुणसूत्रावरील एओपी. तेथील एओपी२ चालू असेल तर साखळीच्या टोकाला दुहेरी बंध येतो, एओपी३ चालू असेल तर हायड्रॉक्सिल-अल्किल रूप होते, आणि दोन्ही बंद असतील तर साखळी अर्ध्या वाटेवरच्या सल्फिनिल रूपात राहते. कोलंबिया हे अरॅबिडॉप्सिसचे सर्वांत जास्त वापरले जाणारे वाण या तिसऱ्या प्रकारचे आहे, कारण त्याच्या एओपी२ मध्ये काही अक्षरे गळून वाचनाची चौकट मोडली आहे. आपल्या मंडईतला दाखलाही असाच आहे. ब्रोकोलीत या जनुकाची प्रत निकामी असल्याने तिच्यात ग्लुकोराफॅनिन साठते, आणि ज्याच्या आरोग्यगुणांची एवढी चर्चा होते ते सल्फोराफेन त्यापासूनच मिळते. तिचीच सख्खी जातभाई असलेल्या कोबीत हे जनुक चालते आणि साखळी पुढे सरकते. महागड्या भाजीचे मोठे भांडवल म्हणजे एक मोडके जनुक आहे, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

तिसरे स्थान दुसऱ्या गुणसूत्रावरील जीएस-ओएच. चार कार्बनची आणि दुहेरी बंध असलेली साखळी मिळाली तर हे जनुक तिच्यावर तो हायड्रॉक्सिल गट बसवते आणि ग्लुकोनॅपिन या चार कार्बनच्या ग्लुकोसिनोलेटचे प्रोगोइट्रिन करते. अट लक्षात घ्यावी. साखळी सिनिग्रिनसारखी तीन कार्बनची असेल, तर जीएस-ओएच कितीही धडधाकट असले तरी त्याला हात घालायला काही मिळत नाही. एओपी२ बंद असेल तरीही तेच. रस काकवीपर्यंत आटलाच नाही, तर गुळव्याचा हात किती चांगला हा प्रश्नच उद्‌भवत नाही. एका जनुकाचा परिणाम दुसऱ्या जनुकाच्या मर्जीवर अवलंबून असण्याच्या या प्रकारामुळे या वैविध्याची आनुवंशिकता पहिल्या नजरेला गोंधळाची वाटते. दोन झाडांच्या संकरातून आईबापांत नसलेली संयुगे संततीत अवतरतात, कारण आईकडून चार कार्बनची साखळी आणि बापाकडून चालू एओपी२ असे एकत्र येते. स्थाने थोडी, प्रत्येकाची रूपे दोन-तीन, आणि तरीही संयुगांची यादी लांबत जाते.

आता प्रमाणाकडे येऊ. किती ग्लुकोसिनोलेट तयार व्हायचे याचे नियंत्रण बऱ्याच अंशी निराळ्या जनुकांकडे आहे. एमवायबी२८, एमवायबी२९ आणि एमवायबी७६ ही जनुके मिथिओनिनपासून निघालेल्या सगळ्या मार्गाची चावी कमीजास्त उघडतात. इंडोल गटातील ग्लुकोसिनोलेटांसाठी एमवायबी३४, ५१ आणि १२२ हा वेगळा संच आहे. कॅनोलाचा, म्हणजे रेपसीड या मोहरीच्या नात्यातील तेलबीच्या सुधारित वाणांचा, इतिहास या पहिल्या चावीचा आहे. पोलंडमधील ब्रोनोव्हस्की या रेपसीड वाणात ग्लुकोसिनोलेट कमी सापडले, तो गुण संकराने पुढे नेऊन १९७४ मध्ये कॅनडात टॉवर हे वाण आले, ज्यात तेलातले इरुसिक आम्लही कमी होते आणि ग्लुकोसिनोलेटही. तेलविरहित पेंडीत ग्रॅममागे ३० मायक्रोमोलपेक्षा कमी ग्लुकोसिनोलेट ही कॅनोलाची मर्यादा झाली, कारण गोइट्रिन थायरॉइडच्या कामात अडथळा आणते आणि कोंबड्या-डुकरांना अशी पेंड फार देता येत नाही. पुढे २०१२ मध्ये रेपसीडच्या अनेक वाणांच्या तुलनेतून असे दिसले की या कमतरतेच्या मुळाशी एमवायबी२८ च्या प्रती गळून जाणे आहे. आपल्या प्रकरणात हा मुद्दा पट्टीनेच सोडवला होता. दोन्ही पोत्यांत चावी सारखीच उघडी होती. पुढच्या फाट्यांवर रस्ते वेगळे झाले होते.

मग दोन्ही पोती एकाच पिकाची आहेत का, हा प्रश्न अटळ होता. बाजारात मोहरीच्या पोत्यात काळसर-तांबूस गोल दाणा असला की तो मोहरी म्हणून खपतो. पण तसा दाणा देणारी पिके निदान चार. जपानमध्ये काम करणाऱ्या यू नागाहारू यांनी १९३५ मध्ये त्यांचे नाते उलगडले. ब्रॅसिका रापा, म्हणजे तोरिया आणि सरसों, हिचा जनुकसंच ए, गुणसूत्रे २०. ब्रॅसिका नायग्रा ही काळी मोहरी, संच बी, गुणसूत्रे १६. ब्रॅसिका ओलेरासिया, म्हणजे कोबी-फ्लॉवरचे कुळ, संच सी, गुणसूत्रे १८. यांच्या जोड्यांतून तीन नव्या जाती झाल्या, त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. ए आणि बी मिळून ३६ गुणसूत्रांची ब्रॅसिका जुंसिया, म्हणजे राई किंवा आपली नेहमीची मोहरी. ए आणि सी मिळून ३८ गुणसूत्रांची ब्रॅसिका नॅपस, म्हणजे उत्तरेकडची गोभी सरसों आणि पाश्चात्त्यांचे रेपसीड. शिवाय अरॅबिडॉप्सिसपासून फुटल्यावर या कुळाचा संपूर्ण जनुकसंच एकदा तिप्पट झाला होता. त्यामुळे अरॅबिडॉप्सिसमधील एका जनुकाच्या जागी मोहरीत अनेक प्रती असतात, त्यांतल्या काही गळाल्या, काही मूक झाल्या, काहींनी काम वाटून घेतले. राईत सिनिग्रिन आणि ग्लुकोनॅपिन भरते, प्रोगोइट्रिन नगण्य असते. नॅपसच्या जुन्या, कॅनोला नसलेल्या वाणांच्या बियांत मात्र प्रोगोइट्रिनचेच राज्य असते. दुसऱ्या पोत्याचे वर्णन या दुसऱ्या चित्राशी तंतोतंत जुळत होते.

दाण्यावरून खात्री होत नाही. रंग तर पूर्ण फसवा आहे, कारण एकाच जातीत पिवळे आणि तपकिरी दोन्ही दाणे असू शकतात. म्हणून दोन्ही पोत्यांतील अख्खी मोहरी गटातील एका बाईंच्या परसात दोन वाफ्यांत पेरली. रब्बीचाच हंगाम होता. रोपे फुलोऱ्याला येईपर्यंत थांबावे लागले, पण मग उत्तर झाडावर लिहिलेले मिळाले. पहिल्या वाफ्यात सगळी झाडे एकसारखी : वरची पाने निमुळती, देठाशी अरुंद होत गेलेली, खोडाला न वेढणारी. ही राई. दुसऱ्या वाफ्यात दोन तऱ्हेची झाडे होती. थोडी राईसारखी, आणि निम्म्याहून जास्त निराळी : पानांवर कोबीच्या पानावर असते तशी निळसर मेणाची झाक, बोट फिरवले की पुसली जाणारी, आणि वरच्या पानांचे तळ खोडाला अर्धवट कवटाळणारे. तोरियातही पाने खोडाला वेढतात, किंबहुना पूर्णच वेढतात, त्यामुळे येथे घाई करून चालले नसते. फरक फुलोऱ्याच्या शेंड्याशी मिळाला. तोरिया-सरसोंत उमललेली फुले कळ्यांच्या वर डोकावतात. या झाडांत कळ्यांचा झुबका वर आणि उमललेली फुले त्याखाली होती. हे नॅपसचे लक्षण. वरची राई आणि ही झाडे यांच्या फुलण्यातही अंतर पडले. राईच्या शेंगा भरत आल्या तरी ही अजून फुलतच होती. दुसरे पोते म्हणजे राई आणि गोभी सरसों यांची सरमिसळ होती, आणि तिच्यात वाटा गोभी सरसोंचा मोठा होता.

माव्याने दोन्ही वाफे गाठले, राईला आधी. त्यावरून कोणता निष्कर्ष काढण्याचा मोह मी टाळला, कारण दोन वाफ्यांच्या निरीक्षणाला तेवढे वजन नाही आणि राई आधी फुलली होती. मात्र हे रासायनिक वैविध्य पिकांत आले कोठून, याचे उत्तर कीटकांकडेच जाते. मोहरीवरील मावा आणि कोबीवरील मावा या दोन जातींचे परस्पर प्रमाण युरोपात प्रदेशागणिक बदलते, आणि रानटी अरॅबिडॉप्सिसमधील एमएएम स्थानाची रूपे त्याच्याशी जुळणाऱ्या पट्ट्यात बदलत जातात. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले, आणि त्याच कामात या माव्यांखाली पाच पिढ्या वाढवलेल्या मिश्र झाडांत निरनिराळी रूपे पुढे सरसावलेली आढळली. एका माव्याविरुद्ध उपयोगी साखळी दुसऱ्याविरुद्ध तितकी उपयोगी नसते, म्हणून कोणतेच एक रूप सगळीकडे जिंकत नाही. किडीही स्वस्थ बसलेल्या नाहीत. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी आपल्या आतड्यातील सल्फाटेज विकराने ग्लुकोसिनोलेटचा सल्फेट गट आधीच काढून टाकते, मग मायरोसिनेजला फोडायला योग्य रेणूच उरत नाही. कोबीच्या पांढऱ्या फुलपाखराची अळी वेगळ्या प्रथिनाने त्याच अस्थिर भागाला नायट्राइलकडे वळवते. कोबीवरील मावा तर ग्लुकोसिनोलेट अंगात साठवतो आणि स्वतःचे मायरोसिनेज बाळगतो. त्याला खाणाऱ्याच्या तोंडात मोहरी फेसली जाते.

म्हणून पैदासकाराने सरसकट ग्लुकोसिनोलेट उडवून टाकणे झाडाला परवडत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकसंशोधन संस्थेतील गटाने वरुणा या भारतीय मोहरीत अधिक नेमका मार्ग घेतला. पानांत आणि शेंगांच्या सालीत तयार झालेले ग्लुकोसिनोलेट दाण्यापर्यंत वाहून नेणाऱ्या जीटीआर वाहक प्रथिनांच्या जनुकांत क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने बदल केले, आणि दाण्यात ते घटले पण पानांत टिकले. या तऱ्हेची मोहरी उद्या बाजारात आली तर पेंडीसाठी उत्तम ठरेल. लोणच्यासाठी ती दुसऱ्या पोत्याहूनही निरुपयोगी, कारण तिच्यात फेसून चढायला काहीच नसेल.

गटाला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी लागली. निखळ राईची दोन पोतीदेखील सारखीच चढतील असे नाही. भारतीय राईत चार कार्बनच्या ग्लुकोनॅपिनचा वाटा मोठा आणि सिनिग्रिन त्याच्या जोडीला, तर पूर्व युरोपीय राईत बहुतांशी सिनिग्रिनच, असा या जातीच्या दोन गोतांत फरक आहे. ग्लुकोनॅपिनपासून होणारे ब्यूटेनिल आयसोथायोसायनेटही झणका देते, पण ॲलिलइतके धारदार नाही. संकरित पैदाशीत दोन्ही गोतांचा वापर होतो, म्हणजे साखळीच्या लांबीची दोन्ही रूपे आपल्या शेतांत फिरत आहेत. ‘मोहरी जुनी की नवी’ ही बाजारातली नेहमीची चौकशी याबाबत काही सांगत नाही. सुका दाणा नीट ठेवला तर विकर आणि ग्लुकोसिनोलेट दोन्ही पुष्कळ टिकतात.

व्यापाऱ्याशी भांडायचे की नाही यावर गटात दोन मते होती. पोते उत्तरेतून जसे आले तसे त्याने विकले असावे, सरमिसळ शेतात, खळ्यात की गोदामात झाली हे ठरवायला काही साधन नाही, आणि तेलासाठी दोन्ही दाणे चालतातच, असे माझे मत मी सांगितले. गटाने पुढच्या खरेदीची पद्धत बदलली. पोते घेण्याआधी वेगवेगळ्या थरांतून मूठ-मूठ दाणा घ्यायचा, तेथेच खलबत्त्यात कुटून थंड पाण्यात कालवायचा, झाकून दहा मिनिटे थांबायचे, मग झाकण उचलायचे. वास नाकात गेला आणि मागे कडू चव उरली नाही तरच पैसे द्यायचे. दुकानदाराने पहिल्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, पण आता तो स्वतःच वाटी पुढे करतो.

दुसऱ्या पोत्यातली उरलेली मोहरी टाकून द्यायची काही गरज नव्हती. फोडणीत कडकडीत तेलाने विकर क्षणात मरते, राई असो की सरसों, झणका कोणाचाच येत नाही. तेथे मोहरी हवी असते ती तडतडण्यासाठी आणि खमंगपणासाठी. गटाने ती किलो-किलोच्या पुड्या बांधून सभासदांत वाटली, ‘फक्त फोडणीला’ असे वर लिहून.